वाढीचं

उपाशीपोटी या, असं सांगितलं होतं.
सुकरू दिघोरे तरी पहाटे तलावावर जाऊन आला,
जाळं सोडवून समाजमंदिराच्या ओट्यावर बसला.
दंडाला झिंग्यांचा वास,
शीर अशी ठसठशीत
की सुईला विचारावं लागलं नाही.

"कायचं रक्त नेतेस, बाई?"
हृदयविकाराचा अभ्यास आहे, म्हटलं.
नागपूरचे डॉक्टर बघतील
रक्तात वाढीचे घटक किती.
तो हसला. खाली दोनच दात.
"सत्तरी आली. आता काय वाढते माया?
नखं. आन् नातवाची फी."

मी कागदावरचं सांगत गेले, जमेल तसं.
पोरवयात हाडांना हाक मारतं ते हेच,
जखम भरून आणतं ते हेच.
हृदयाची एखादी वाट बुजली
तर शेजारून बारीक नवी काढ, म्हणतं.
"मंग चांगलाच हाय."
हो. पण नळीच्या आत साचणाऱ्या गाठीलाही
हेच पोसतं, म्हणतात.
"मंग किती पायजे?"
तेच शोधतायत.

कापूस दाबून तो पाळीकडे बघत राहिला.
"पाळीत खेकडे बिळं करतेत.
तुडुम बुजला तं त्याच बिळातून पानी झिरपते,
खालची बांधी जगते.
आन् एखांद्या साली
पाळ फुटते ते बी तिथूनच."
मग उठला. "आता चहा पिऊ ना?"

नळीवर चिकटवलं : एकशे बारा.
नाव लिहायचं नसतं.
साकोलीच्या एसटीत बर्फाचा डबा मांडीवर,
खड्डा आला की आत सगळं गाव किणकिणतं.

त्यात एकशे चाळीस माझी.
निरोगी गटात एक नळी कमी पडत होती.
घरात कुणाला हृदयविकार? या रकान्यापाशी
पेन थांबलं होतं.
बाबा त्रेचाळीसचे होते. सायकलवर,
कालव्याच्या उतारावर,
ब्रेक न लावता.
लिहिलं मग. नळी बाद झाली असेल,
किंवा दुसऱ्या गटात गेली असेल. कळवत नाहीत.

आताशा बस तलावावरून वळली
की खिडकीतून पाळ बघते.
पायथ्याशी हातभर ओल आहे,
तिच्यावर हिरवंगार गवत.
मागच्या खेपेला एवढं होतं का,
आठवत नाही.