ठिगळ

त्या गावात इद्वाल तीन.
एक इद्वाल-दूध, एक इद्वाल-चॅपल,
आणि हा इद्वाल-बस:
एकतीस वर्षं एकाच रस्त्यावर एकच फेरी,
वरच्या खाणीपासून खालच्या स्टेशनापर्यंत
आणि परत.

उत्तर वेल्समधलं गाव. डोंगर पोखरून
दूरदूरच्या शहरांना छपरं पुरवलेलं.
आपण ज्यावर श्रीगणेशा गिरवला
आणि थुंकीनं पुसला,
त्याच जातीचा दगड.
घरामागं पाटी, शाळेमागं पाटी,
कुंपणंसुद्धा उभ्या पाट्यांची, तारेनं बांधलेली,
आणि गावावर ओणवे झालेले
फुटक्या पाट्यांचे ढीग.

नोकरी सुटली त्या वर्षी
पोस्टाशेजारचं दुकान बंद होताना
अर्ध्या किमतीत रंगांची पेटी मिळाली.
नको म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं.
मग वर्षभर त्यानं कॅलेंडरं रंगवली:
ग्रीसचा समुद्र, चुन्याच्या भिंती, पायऱ्या, गाढव.
गाढव बरं जमलं होतं.

फेब्रुवारीत निळा संपला.
नळी कात्रीनं उभी चिरली, चमच्यानं खरवडली,
समुद्र तरी अर्धाच भरला.
उरले काळा, पांढरा,
आणि झाकणही न उघडलेला एक विटकरी.

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
रोजच पाहायचा म्हणा, छत्री घ्यायची का ते बघायला.
पण एकतीस वर्षं नजर रस्त्यावर:
मेंढी आडवी येते, पोर चेंडूमागं धावतं,
डोंगर न्याहाळणारा ड्रायव्हर
नोकरीत टिकत नाही.
आता हातात स्टिअरिंग नव्हतं.

राखाडी. पण कुठला?
ओल्या पाटीचा एक,
कडेकडून वाळत आलेल्या पाटीचा दुसरा,
मेंढीच्या पोटाखालचा,
किटलीच्या बुडाचा,
चिमणीतून निघून परत खाली बसणाऱ्या धुराचा,
आणि एक, ढग सरकला की दहा सेकंदच असतो,
त्याला नाव ठेवेपर्यंत निघून जातो.

त्याच्या भाषेत एक जुना शब्द आहे, ग्लास.
आभाळ ग्लास, कोवळं गवत ग्लास, पाटीही ग्लास.
लहानपणी त्याला वाटायचं,
म्हाताऱ्यांना रंग कळत नाहीत.
आता तो ब्रश धुतलेल्या पाण्याकडं बघत बसला
बराच वेळ.
चहा निवला.

तीन आठवडे तो मागची गल्ली रंगवत होता.
नेस्टाचं परसू: कोळशाची खोली,
कचऱ्याचे दोन डबे, एकाला झाकण नाही,
दोरीवर पांढरी चादर, आणि मागं तो ढीग,
पहिल्यांदाच नुसता ढीग नसलेला.

नेस्टा अंडी द्यायला आली. चष्मा पुसला.
"हे माझं परसू."
मग म्हणाली, "झाकण वाऱ्यानं गेलंय, मी टाकलं नाही."
मग अगदी जवळ जाऊन,
"चादर माझीच. पण ठिगळ कुठंय?"

कसलं ठिगळ?

"उजव्या कोपऱ्यात. तांबड्या फ्लॅनेलचं.
खाण बंद झाली त्या हिवाळ्यात लावलंय,
ह्यूच्या शर्टाच्या पाठीचं.
पाच पदरी दोरा आहे.
चादर विरेल, ते नाही विरणार."
अंडी टेबलावर ठेवून ती गेली.
बोलण्यात राग नव्हता,
चूक दाखवली होती, एवढंच.

सोमवारी भुरभुर चालू असताना
नेस्टानं दोरीवर एकटी चादर घातली.
ठिगळ त्याच्या खिडकीकडं तोंड करून.
वर दोन चिमटे जास्तीचे.

त्यानं विटकरीचं झाकण दातानं उघडलं.
टिंब ठेवलं. पुसलं. परत ठेवलं.
आणि सगळी गल्ली,
डबे, कोळसा, ढिगावरची ओल,
त्या नखाएवढ्या रंगाभोवती
जराशी हलून बसली,
बसमध्ये कुणी चढलं की
बाकीचे सरकतात तशी.

चित्र आता नेस्टाकडं आहे, जिन्याखाली.
येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते,
"चांगलंय.
पण एवढं काही फाटलं नव्हतं."