दालन क्रमांक चार

इकडून या. पायपुसणं तिथं आहे, आधी पाय पुसा.
दालन क्रमांक चार : अवजड उद्योग.
डावीकडे झोतभट्टीची प्रतिकृती,
बटण दाबलं की पोटात लाल दिवा लागतो.
(आज दाबायचं नाही. आज मंगळवार.)
उजवीकडच्या खिडकीतून तुमेन नदी दिसते,
तिकडे बघायचं नसतं.

आणि हा ट्रॅक्टर.
आपल्याच पोलादाचा, आपल्याच माणसांनी
चाळीस दिवसांत जोडलेला,
परक्याचा एक खिळा न घेता.
एवढं म्हणून मी तीन श्वास थांबते.
तसं लिहूनच दिलंय : तीन श्वास.
पाहुणे तेवढ्यात माना हलवतात.

लिहून दिलेलं नाही ते असं,
की एप्रिल सरता सरता, रात्री,
मागच्या दारानं सोल्गोलच्या शेतगटाची माणसं येतात.
त्यांचे तिन्ही ट्रॅक्टर संपले,
याचं त्याला, त्याचं याला लावता लावता.
धड उरलाय तो हाच,
कारण ह्याला कुणी कामालाच लावलं नाही.
संचालक प्योन त्या रात्री लवकर झोपतात.
लाल दोरी मी सोडते,
घडी घालून खिशात ठेवते.

पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा
भिंतीवरले हसरे कामगार धुरात बुडाले,
आणि आमची झाडूवाली बुन-न्यो,
एकोणीस वर्षं त्याची धूळ पुसणारी,
तोंडावर फडकं दाबून म्हणाली,
"अगं बाई, ह्याला आवाज आहे!"

अकरा रात्री चिखलणी.
पहाटे चारच्या आत परत.
मग आम्ही दोघी केसांतल्या पिना काढून बसतो
टायरच्या खाचा कोरत.
एखादी जळू निघते, जिवंत.
बुन-न्यो ती डबीत घालून घरी नेते, गुडघ्यांसाठी.

मे महिन्यात तपासणी. पांढरे हातमोजे,
टपावरून, दिव्यांवरून, बैठकीखालून.
यंदा त्यांच्यातला एक, पोरगेलासा,
मागच्या चाकापाशी उकिडवा बसला
आणि त्यानं चक्क वास घेतला.
मी श्वास मोजले. तीन. चार. सात.
उठला. हातमोजा काढून खिशात कोंबला.
"चाळीस दिवस म्हणालात?"
"चाळीस."
मग वहीपर्यंतही पोचणार नाही एवढ्या आवाजात,
"डिझेल कुठून आणता?"

मी म्हटलं, इकडून या.
दालन क्रमांक पाच : जलविद्युत.
धरणाला हात लावू नका,
रंग ओला आहे.