गुरुवारची धार

पावणेसातला डिस्क थबकते.
गुरुवारी. फक्त गुरुवारी.
बाकी सहा दिवस पोकळे वॉटर सप्लायचा डेटाबेस
म्हशीसारखा डुंबत असतो,
कोणी हाक मारली तर शेपटी हलवतो.
गुरुवारी पाणी बंद,
आणि बावधनपासून वाघोलीपर्यंतचे सेक्रेटरी
एकाच मिनिटाला टँकर मागतात.
त्या मिनिटाचा आलेख माझ्यापाशी आहे.
सिंहगडासारखा दिसतो, वरच्या टॉवरसकट.

मी वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर,
कोरड्या नळाखाली बादली तशीच ठेवून
स्टोरेजची यादी उघडून बसले आहे.
पहिला प्रकार जुना, चुंबकाचा, स्वस्त.
आता तो कोणी घेत नाही, तरी यादीत आहे,
मतदारयादीत मयत माणूस असावा तसा.
दुसरा सर्वसाधारण, सध्याचा.
तिसरा मोजून वेग देतो
आणि मोजून पैसे घेतो, वापरा न वापरा.

पोकळ्यांना फोन लावला.
आयओपीएस सांगून काय उपयोग?
म्हटलं, दादा, सध्या तुमची गच्चीवरची टाकी आहे.
रात्रभर थेंबथेंब भरते,
सकाळी धो धो वापरता येते,
संपली की मग जेवढी नळाची धार तेवढीच.
लहान डिस्कची धार लहान.
"आणि तिसरी?"
ती थेट लाइन. चोवीस तास.
तुम्ही गावाला गेलात तरी मीटर फिरणार.
"किती?"
सांगितलं.
"त्यात माझा दत्तू येतो की," ते म्हणाले.
"डबल शिफ्टचा."

मग मधली वाट सांगितली.
दुसराच प्रकार ठेवू, पण जागा मोठी घेऊ.
माल तुमचा चाळीस जीबी,
जागा घ्यायची चारशे.
बाकी सगळी रिकामी राहील,
पण धार जागेवर ठरते, मालावर नाही.
"रिकाम्याचे पैसे?"
रिकाम्याचेच.
"बरं, घ्या. नाही परवडलं तर पुढे लहान करू."

इथे मी अडले.
लहान होत नाही, दादा.
वाढवता येते, कमी करता येत नाही.
कमी करायची तर दुसरी घ्यायची,
सगळं उचलून एका रात्रीत तिकडे न्यायचं,
आणि ही पाडायची.

पलीकडे टँकर रिव्हर्स घेत होता,
त्याचं ते ठरलेलं गाणं लावून.
गाणं संपेपर्यंत पोकळे गप्प.
"आमच्या वरच्या मजल्याचं तेच झालंय,"
एवढंच म्हणाले.
मीही पुढे विचारलं नाही.
बिल कोणाच्या नावाने करायचं, ते विचारलं.

चारशे लिहिलं. दाबलं.
पडद्यावर आलं: बदल सुरू आहे.
पुढचे सहा तास दुसरा बदल करता येणार नाही.
सहा तास.
एकेका निर्णयानंतर कोणी मला
एवढी सक्तीची उसंत दिली असती,
तर मी आज वारज्यात असते का, कोण जाणे.

डिस्क अजून धापा टाकत होती.
तपासायला म्हणून बुकिंगचा तक्ता उघडला,
तर तळाशी नवी ओळ पडली:
निसर्गछाया सोसायटी, वारजे,
दहा हजार लिटर,
क्रमांक एकशे सदतीस.
आमचीच. रणपिसे काकांना शेवटी जाग आली म्हणायची.

ती ओळ मला वर घेता येते.
सगळ्या किल्ल्या माझ्याच हातात आहेत,
आणि एका आज्ञेचं काम.
एकशे छत्तीसवर कोंढव्याचं कुठलं तरी प्रसूतिगृह.
एकशे पस्तीसवर
नावाच्या जागी नुसता मोबाइल नंबर.

उठले,
नळ पुन्हा एकदा सोडून पाहिला.
त्याने हवा सोडली, थोडा खोकला.
तसाच उघडा ठेवला.