ढाळ

सीबच्या बाजूला, उतरणाऱ्या विमानांच्या खाली,
हे मैदान नुसती वाळू होतं तेव्हा
मी इथे लेव्हल लावून उभा होतो.
नकाशातली अर्ध्या मीटरची एकेक रेघ माझ्या हातची.
म्हणून सातव्या ग्रीनवर दादकरीमला म्हटलं,
हा उतार मला नको शिकवूस,
सगळं डोंगराकडून समुद्राकडे जातं.
आणि चेंडू मारला.

तो समुद्राकडे गेला नाही.

दादकरीम बलोच, मस्कतमध्येच जन्मलेला,
एकवीस वर्षं हेच गवत कापतोय.
हसला नाही. म्हणाला, बूट काढ.

डोंगर डोळ्याला फसवतो, म्हणाला.
मागे एवढं उभं काही असलं
की समोरचा चढसुद्धा उतार वाटतो.
चेंडू आणि कप यांच्या मधोमध जा,
रेषेच्या अल्याड एक पाय, पल्याड एक.
डोळे मीट.
कोणता पाय जड?

पहाटेचं दव तळव्यांना लागलं.
तीस वर्षं काचेतला बुडबुडा पाहिला,
पायांना कधी विचारलं नव्हतं.
डावा, म्हटलं.
किती?
किती म्हणजे?
एक म्हणजे शंका. दोन म्हणजे खात्री.
तीनला घोटा बोलायला लागतो.
चारच्या पुढे आमच्याकडे नाही,
चेंडू थांबणारच नाही तिथे कप कोण खोदेल?

मग जेवढा आकडा तेवढी बोटं.
हात लांब, एक डोळा बंद,
पहिलं बोट कपाला टेकवून बाकीची वरच्या अंगाला,
आणि शेवटच्या बोटाच्या कडेवर नेम.
एवढंच. पुन्हा कर. पुन्हा.

मला आमच्या तासगावचा धोंडीराम गवंडी आठवला.
न्हाणीची फरशी बसली की तांब्याभर पाणी ओतायचा
आणि मुद्दाम दुसरीकडे बघायचा.
ढाळ ऐकू येतो, म्हणायचा.
मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो,
मला हसू आलेलं.

दोन आठवडे रोज पहाटे हेच.
आणि रोज डावा पाय जड.
तिसरं ग्रीन, नववं, सरावाचं.
रुवीच्या सुपरमार्केटात रांगेत उभा राहिलो तरी डावा.
सगळं ओमान डावीकडे कसं कलेल?

तेव्हा कुठे सर्व्हेअर जागा झाला.
यंत्रावर संशय आला की आपण काय करतो?
दोन खुंट्या ठोकतो, जागा बदलून पुन्हा वाचतो.
मी जागच्या जागी तोंड फिरवलं, कपाकडे पाठ.
आधी होता डावा, दोन.
आता काहीच नाही, दोन्ही पाय सारखे.
बेरीज केली, दोनाने भागलं:
एक जमिनीचा,
एक माझा.

अठ्ठ्याण्णव साली बंदराच्या कामावर परांचीवरून पडलो होतो.
हाड जुळलं, असं सगळ्यांना सांगत आलो.
कुणाकुणाच्या दारात उभं राहून
तुमचीच फरशी तिरकी, असंही.

शुक्रवारी फोनवर शैलजाला म्हटलं,
अगं, माझा डावा पाय आखूड आहे.
ती म्हणाली, मला माहीत आहे.
तुमच्या पँटी मीच दुमडते ना,
डावी पाव इंच जास्त.
मग गॅसचा नंबर लागला का नाही त्यावर बोललो.

आज सातव्यावर दोनातून एक वजा केला.
एकच बोट.
चेंडू माझ्या नेमाने निघाला, मध्येच विचार बदलल्यासारखा
डावीकडे वळला, अगदी कपाच्या तोंडाकडे,
आणि वीतभर अलीकडे थांबला.

वरून एक विमान गेलं,
त्याची सावली ग्रीनवरून सरकली,
चढउतार काही न बघता.

रेषा बरोबर, दादकरीम म्हणाला.
पोचवणं बोटांवर मोजता येत नाही, ते वेगळं.
उद्या पाच वाजता ये.
आणि गुडघ्यावर बसून मला दाखवायला लागला
गवत कुठल्या बाजूला झुकलंय ते.