शिक्षक पाहिजेत

जाहिरात मी तीनदा लिहिली.
आधी लिहिलं, "विनोदबुद्धी आवश्यक", आणि खोडलं,
कारण ज्याच्यापाशी ती नसते
त्यालाच सगळ्यात आधी वाटतं, आपल्याकडे आहे.
मग लिहिलं "अनुभव". तोही खोडला.
शेवटी उरलं ते इतकंच:
उत्स्फूर्त विनोदी नाट्य शिकवायला माणसं हवीत.
मंगळवार, गुरुवार. तासाला बावीस डॉलर.
जिना अरुंद आहे.

डलूथमध्ये, बोलिंग अ‍ॅलीच्या डोक्यावर आमचा वर्ग.
खाली बॉल घरंगळतो, दहाच्या दहा पिना कोसळतात
आणि वर चाललेल्या प्रवेशाला
नको तिथे टाळ्या मिळतात.
नवखे दचकतात. जुने मान लववतात.

फेब्रुवारीतला शनिवार, सरोवर आत मैलभर गोठलेलं.
अकरा जण आले. बुटांवरच्या बर्फाचं
दाराशी डबकं झालं, आणि पहिल्याच उमेदवाराने,
लिंडग्रेन त्याचं नाव,
त्या डबक्यावर तीन विनोद केले.
तिन्ही चांगले. मी हसले.
मग त्याला व्हर्निससमोर उभं केलं.
ती म्हणाली, "डॉक्टर, माझ्या कानात बदक शिरलंय."
तो म्हणाला, "हो, पण..."

आमचा अख्खा अभ्यासक्रम म्हणजे दोन शब्द.
हो. आणि.
'हो' काय, कुणीही म्हणतं,
घरचं भाडं थकलेला माणूसही म्हणतो.
'आणि' म्हणायला हातात काहीतरी लागतं,
नसलं तरी असल्यासारखं पुढे करावं लागतं.
'पण' आला की बदक मेलं.

एकीने चार पानी माहितीपत्रक आणलं होतं, प्लास्टिकमध्ये घातलेलं.
एक निवृत्त पाद्री विद्यार्थ्यांना इतका माफ करत होता
की कुणी चुकायलाच धजेना.
दुपारपर्यंत माझी कॉफी तीनदा गार झाली.

शेवटची डेल्फीन कोस्केला.
दातांच्या दवाखान्यात काम करते.
म्हणाली, "दिवसभर मी आ वासलेल्या माणसांशी बोलते,
उत्तराची सवय नाही."
तिने हवेत चार भिंती काढल्या, लिफ्ट झाली.
लिफ्ट अडकली.
"दार बाहेरूनच उघडतं," असं म्हणाली आणि गप्प बसली.

दहा सेकंद. वीस.
मला थांबवावंसं वाटलं, पेन्सिल उचललीही.
ती कुणाकडे बघत नव्हती, म्हणजे
रेडिएटरजवळच्या खुर्चीकडे तर मुळीच नाही,
जिथे ऑर्विल बसला होता.
एकसष्ट वर्षांचा. मुलीने वाढदिवसाला फी भरलेली.
सहा आठवडे तो फक्त
बाकीच्यांचे कोट सांभाळत आला होता.

चाळीस सेकंद झाले असतील.
ऑर्विल उठला. हातावर सात कोट, तसाच.
हवेतलं दार त्याने खांद्याने ढकललं, जड असावं तसं.
"मी लिफ्टवाला," म्हणाला.
"एकोणीस वर्षं झाली बाई,
कुणी घंटाच दाबली नव्हती."

कुणी हसलं नाही. मग सगळे हसले,
आणि नेमकं तेव्हा खाली काहीच पडलं नाही.

जाताना डेल्फीनने विचारलं,
"तासाला बावीस, म्हणजे वाट बघायचेही धरता?"
"त्याचेच धरतो," मी म्हणाले.

रात्री दहा जणांना फोन करायचे होते.
तुम्ही उत्तम आहात, पण.
तुमची तयारी दांडगी, पण.
पाद्र्याने मलाही माफ केलं.
नऊ बदकं मारून झाल्यावर
लिंडग्रेनचा नंबर लावला.
त्याने वाक्य पुरं होऊ दिलं, पहिल्यांदाच,
आणि जरा थांबून विचारलं,
"मग शिकायला आलो तर चालेल?"

मी जीभ चावली.
"हो," म्हणाले, "आणि..."
पुढचं माझ्याकडे काही नव्हतं.
खाली कुणीतरी बॉल सोडला होता,
तो अजून घरंगळत होता.