पेटीतला शब्द

चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी
पोरं एक कापड माझ्या हातात देतात,
त्यावर वेड्यावाकड्या रंगांत 'हालेलुया'.
ते गुंडाळून पेटीत घालायचं,
पेटी तळघरात, बॉयलरच्या मागे,
वर रंगाचे जुने डबे.
ईस्टरपर्यंत तो शब्द कुणी उच्चारायचा नाही.
उपवासच तो, जिभेचा.

मिशिगनच्या या उत्तर टोकाला
तेव्हा सरोवर अजून पांढरंफटक असतं.
बुधवारी सहाला सूप, सातला उपासना,
रविवारी नऊला प्रौढांचा वर्ग.
मी चौदा खुर्च्या मांडतो. नऊ जण येतात.
उरलेल्या पाचांवर कोट बसतात.

यंदाचा विषय: विलापाची स्तोत्रं.
पास्टर डोरीन फळ्यावर लिहिते
'देवाकडे तक्रार कशी करावी',
आणि मार्कर सुकलेला निघतो.

वायनो लाहती दाराजवळ बसतो.
चाळीस वर्षं खनिजाच्या बोटींवर इंजिनघरात.
नोव्हेंबरात मेंदूत काहीतरी फुटलं
आणि सगळी भाषा वाहून गेली,
बायकोचं नावसुद्धा.
एक शब्द तेवढा गाळात अडकून राहिला.
डॉक्टर म्हणाले, होतं असं,
कुणाकडे शिवी उरते, कुणाकडे पाढे.
वायनोकडे नेमका हा उरला,
जो जन्मभर मागच्या बाकावर
हनुवटी छातीला टेकवून झोपला.

पहिल्या बुधवारी कपाळावर राख लावताना
पास्टर म्हणाली, तू माती आहेस.
वायनो म्हणाला, हालेलुया.

इम्पीनं त्याची बाही ओढली.
कुणीतरी खोकलं.
मी मेणबत्तीकडे बघत राहिलो,
हसू आलं की मी तिकडेच बघतो.

मग ते रोजचंच झालं.
मटाराच्या सुपात मीठ कमी पडलं: हालेलुया.
कॉफी सांडली: हालेलुया.
वर्गात पास्टरनं सगळ्यांना विचारलं,
यंदा तुम्ही काय सोडलंत?
कुणी साखर, कुणी टीव्ही.
एल्सी कोस्कीनं बहिणीवरचा राग सोडलाय,
निदान बुधवारपुरता.
वायनोची पाळी आली.
तो खूप वेळ ओठ जुळवत राहिला,
जड बोल्ट फिरवावा तसा,
आणि तोच शब्द बाहेर आला.

त्या दिवशी कुणी खोकलं नाही.

चौथ्या आठवड्यात हिमवादळ.
वर्गाला इम्पी, वायनो आणि मी.
पास्टरची गाडी खड्ड्यात.
इम्पीनं हातमोजे काढलेच नाहीत.
म्हणाली, रात्री तो अंधारात तेच म्हणतो,
पाणी हवं असेल तरी, भीती वाटली तरी,
आणि मला उठून ओळखावं लागतं कुठला आहे.
पाण्याचा छोटा असतो. भीतीचा
शेवटी खाली पडतो.
मी विचारलं, आणि तुझ्या नावाचा?
ती बॉयलरकडे बघू लागली.
म्हणाली, तो अजून सापडला नाही.

मला उत्तर सुचलं नाही.
मी खुर्च्या उचलल्या, चौदाच्या चौदा.

ईस्टरला पेटी उघडली.
कापडाला रंगाचा आणि उंदरांचा वास.
पोरांनी ते काठीवर धरलं,
ऑर्गन गरजला, सगळे ओरडले
सहा आठवडे साठवलेलं एकदम.
वायनो मागच्या बाकावर,
हनुवटी छातीला टेकवून, गाढ.

नंतर मी पायऱ्यांवर मीठ टाकत होतो.
रात्रीचा बर्फ काचेसारखा झाला होता.
वायनोचा पाय घसरला,
इम्पीनं कोपरात त्याला धरलं,
आणि तो खच्चून म्हणाला ते,
आगवाल्यानं बॉयलरला घालावी
तसली अस्सल शिवी करून.
इम्पी थांबली.
'हा कुठला?' मी विचारलं.
ती हसत होती, नाक पुसत होती.
'हा त्याचाच,' म्हणाली. 'जुना.'

मी अजून एक मूठ मीठ टाकलं.