खरवड

राखेच्या बुधवारी सिस्टर मार्सेलानं
मागच्या झावळ्यांच्या रविवारची
वाळली शिंदीची पानं जाळली,
अन् प्रार्थनेच्या घंटेले लेकरांच्या कपाळावर
बोटानं काळी खूण काढली.
ज्यायच्या घरी येशू नाही, थेही रांगेत.
म्या चुलीपासून पाह्यलं.
माह्या हाताले तं राख रोजचीच.

मग सिस्टर म्हणाल्या, ज्याले जे आवडते
थे चाळीस दिवस सोडा.
कोणी बोरकूट सोडलं, कोणी टीव्ही,
रेमंडनं शिव्या. दोन दिवस टिकला.
मडाव्याचा सुकरू गप.
दुपारी माह्याजवळ आला, वाटी पाठीमागं लपवून,
"मावशी, मले आता खरवड देऊ नको."

खिचडीच्या गंजाच्या बुडची खरवड.
दोन सालापासून त्याचीच.
बाकी सोडासारखं होतं तरी काय त्याच्यापाशी.

शुक्रवारी सारे वऱ्हांड्यात मांडीले मांडी लावून,
नुसती आंबील, मिठाची.
घरून आणलेली मूठमूठ ज्वारी पिंपात पडे,
कोण्या आजारी घरासाठी.
पहिलीतली पोट्टी मूठ मोठी दिसावी म्हणून
बोटं ढिली धरत, अर्धी ज्वारी वाटेतच सांडे,
चिमण्यायचीही सोय.

पळस झडला. मोह टपकू लागला.
म्या रोज खरवड काढून कावळ्यायले टाकली,
अन् रोज वाटे, कावळे चोर हायेत.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी
म्या जाणूनबुजून जाळ मोठा ठेवला.
सिस्टर दारात आल्या, नाक वर करून,
"काही जळतंय का?"
"हो," म्हटलं, "जळू द्या."